पडदे नसलेले वाद्य

पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात, बासरीला भोके असतात. बोट कुठे ठेवायचे याची काही ना काही खूण या वाद्यांनी अंगावर बाळगलेली असते. फिडलचा कारभार निराळा. काळ्या गुळगुळीत पट्टीवर चार तारा ताणलेल्या. सा कुठे, रे कुठे, याचा मागमूसही नाही. आमच्या लहानपणी व्हायोलिनला घरोघरी फिडलच म्हणत. वाद्य तेच. युरोपातसुद्धा सभागृहात वाजले की ते व्हायोलिन आणि लोकांच्या नाचगाण्यात वाजले की फिडल, एवढाच काय तो फरक.

जरा हिशेब करून पाहावा. फिडलच्या तारेचा वाजणारा भाग सुमारे 33 सेंटिमीटर असतो. मोकळ्या तारेला षड्ज मानले, तर कोमल रिषभ साधारण दोन सेंटिमीटरांवर येतो आणि शुद्ध रिषभ साडेतीनच्या थोडा पुढे. वरच्या सप्तकात ही अंतरे निम्मी होतात; तिथे दोन्ही रिषभांमध्ये जेमतेम आठ मिलिमीटर उरतात. माणसाच्या बोटाचे टोकच मुळी त्याहून रुंद! तेव्हा डोळ्याने जागा पाहून सूर लावीन म्हणणाऱ्याचे इथे काही चालत नाही. बोट पडते, कान ऐकतो, बोट केसभर सरकते, आणि हे सारे ऐकणाऱ्याला कळायच्या आत व्हावे लागते. फिडलला पडदे नाहीत असे म्हणण्यापेक्षा त्याचे पडदे वाजवणाऱ्याच्या कानात असतात, असे म्हणणेच खरे.

आणि गंमत पाहा, याच वाद्याचे शिक्षण आपण मुलांना बहुधा डोळ्यांनी देतो. वही, नोटेशन, परीक्षा, प्रमाणपत्र. चार परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा पाहुण्यांपुढे उभा राहतो, पाहुणे म्हणतात, “बाळ, ते सकाळी रेडिओवर लागलेलं गाणं वाजव बघू.” बाळ वहीकडे पाहतो. वहीत ते गाणे नसते. कॉलेजात गेल्यावर फिडल माळ्यावर जाते आणि घोडी पडून, तारा गंजून तिथेच राहते. अशी माळ्यावरची फिडले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्याच एकावर मी शिकले.

भजनी मंडळाची शाळा

ते फिडल माझ्या मामेसासऱ्यांचे. मी ते हाती घेतले तेव्हा माझे वय एक्केचाळीस होते. नोकरी, घर आणि शाळकरी मुलगी यांतून क्लासच्या वेळा जमण्यासारख्या नव्हत्या. पण पुण्यात आमच्या पेठेत बायकांचे भजनी मंडळ होते, आणि दर गुरुवारी मी तिथे टाळ धरून बसत असे. हीच माझी शाळा.

सुरुवातीला वर्षभर मी घरीच वाजवत होते. रीत एकच : जो अभंग तोंडपाठ आहे तोच वाजवायचा, आधी गायचा, मग तंबोऱ्याच्या सुरावर एकेक स्वर शोधायचा. एका स्वराला एक अख्खा गज. गज म्हणजे बो. त्याला राळ घासून तो तारेवरून टोकापासून टोकापर्यंत संथ ओढायचा. कानाला पटेपर्यंत पुढच्या स्वराला हात लावायचा नाही. एका अभंगाला दोन महिने लागले, दुसऱ्याला तीन आठवडे, दहाव्याला एक संध्याकाळ. हात फार शहाणा झाला होता अशातला भाग नव्हता. एका अभंगातल्या जागा दुसऱ्या अभंगात भेटू लागल्या होत्या, इतकेच.

मंडळात वाजवायला लागल्यावर मात्र खरी तालीम झाली. कुणाची पट्टी काळी चार, कुणाची पांढरी पाच. कुणी अंतऱ्याला अर्धी मात्रा थांबणारी, कुणी धावणारी. साथ करायची म्हणजे गाणारीच्या मागे सावलीसारखे राहायचे. तिचा सूर निघाला की लगेच पाठोपाठ आपला. पण तिच्या पुढे पाऊल नाही. ओळ संपून ती श्वास घेई तेवढी जागा माझी. तेवढ्या दोन-तीन मात्रांत तिचाच शेवटचा तुकडा परत वाजवायचा, किंवा जरा वळवून वाजवायचा. त्याला आम्ही ‘भरणा’ म्हणत असू. आपल्या मनाने वाजवणे ज्याला म्हणतात, त्याचे पहिले धडे मला त्या दोन मात्रांनी दिले.

बसून, फिडलचे डोके उजव्या पावलावर टेकवून वाजवण्याची आपली पद्धतही अशीच कुणाच्या तरी गरजेतून निघाली असणार. युरोपीय बँडकडून हे वाद्य मद्रासमध्ये शिकून दाक्षिणात्य संगीतात आणणारे पहिले नाव सांगतात ते बाळुस्वामी दीक्षितर यांचे (1786–1858). ते थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे बंधू. हनुवटीखाली धरायचे वाद्य आपण पायावर टेकवले, त्यामुळे डावा हात मोकळा झाला आणि मींड घेता येऊ लागली. तारासुद्धा आपण आपल्या सोयीने, सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा जुळवून घेतल्या. साहेबाचे वाद्य घेतले, पण त्याची वही घेतली नाही.

कॉर्कमधली नात

2023 च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी तीन महिने होते. फिडल बरोबर नेले होते. नात अकरा वर्षांची. ती चार वर्षे व्हायोलिन शिकली होती, परीक्षांत चांगले गुणही मिळवले होते, आणि त्या वर्षी तिने पेटी मिटून पलंगाखाली सरकवली होती.

“का गं सोडलंस?” मी विचारले.

“आजी, मला वाजवता येत नाही. मला फक्त ते तीन पीस येतात.”

अकरा वर्षांच्या पोरीने नेमके दुखणे सांगितले होते. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईचा होता. गज सरळ, मनगट सैल. पण गणपतीची आरती वाजव म्हटले तर तिला कागद हवा होता. जी आरती ती जन्मापासून म्हणत आली होती, ती तिच्या गळ्यात होती. बोटांपर्यंत पोचायला रस्ता नव्हता.

लेकीला वाटत होते, मी तिला पुन्हा क्लासला जायला पटवावे. जावई म्हणत होते, तिच्यावर जबरदस्ती नको. दोघांचेही खरे होते. मी म्हटले, “महिनाभर तिला माझ्याबरोबर बसू दे. कागद नको, परीक्षा नको. नाही जमले तर पेटी आहेच पलंगाखाली.”

शाळा सुटलेला मास्तर

योगायोग असा की आम्ही होतो त्या भागापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर कॉर्क आणि केरी या परगण्यांच्या सीमेवर श्लीव लूखरा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. फिडलच्या जगात या मुलखाचे नाव मोठे आहे, आणि त्याला ते मिळवून देणाऱ्यांत पहिला मान पॉड्रिग ओ’कीफ (1887–1963) या मास्तरांचा.

हे गृहस्थ मुळात शाळामास्तर. वडिलांच्या मागून त्यांच्याच शाळेत हेडमास्तर झाले. पण शाळेच्या घंटेशी त्यांचे जमले नाही आणि 1920 साली नोकरी गेली. पुढे जन्मभर ते डोंगरवाटा तुडवत घरोघर फिडल शिकवत हिंडले. शिकणारी शेतकऱ्यांची पोरे. पाश्चात्त्य स्वरलेखन त्यांना कुठून येणार? मास्तरांनी आपली लिपी बसवली. स्वरलेखनाच्या पाच रेघांमध्ये चार मोकळ्या जागा असतात. त्या चार जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, असे त्यांनी ठरवले. जागेत आकडा लिहायचा : शून्य म्हणजे मोकळी तार, एक म्हणजे पहिले बोट, आणि असे चारपर्यंत. झाले! चार आकडे ओळखणाऱ्याला चाल घरी नेता येऊ लागली.

यातली खुबी काय, ती ध्यानात घ्यावी. आकडा बोट सांगतो, पण गजाचा झोक सांगत नाही, स्वराला दिलेला गिरका सांगत नाही, नाचणाऱ्याचे पाऊल उचलणारा ठेका सांगत नाही. ते मास्तर समोर बसून वाजवीत आणि शिष्य ऐकून उचलीत. कागद हा घरी गेल्यावर विसरू नये म्हणून मारलेल्या गाठीसारखा. आपल्याकडे भातखंड्यांनी आणि पलुस्करांनी स्वरलिपी बसवल्या, त्यांचे आपल्यावर थोर उपकार आहेत. पण वहीतली बंदिश म्हणजे गाणे नव्हे, हे त्या वह्या वापरणारा प्रत्येक चांगला गुरू सांगत आला आहे.

या मास्तरांचे शिष्य डेनिस मर्फी आणि त्यांची बहीण ज्यूलिया क्लिफर्ड पुढे फार नावाजले. 1969 साली त्या दोघांच्या वादनाची ध्वनिमुद्रिका निघाली. ती मी नातीबरोबर स्वयंपाकघरात बसून ऐकली. दोन फिडले एकच चाल वाजवतात, पण एक खालच्या सप्तकात आणि एक वरच्या. आजी आणि नातीला असे काही वाजवता येईल, हे तिथेच आमच्या डोक्यात आले.

थाट ओळखीचे निघाले

आयरिश चाली ऐकताना मला एक गोष्ट सुखावून गेली. पुष्कळशा चाली आपल्या बिलावल थाटाच्या स्वरांत, काही कोमल निषादाच्या म्हणजे खमाजच्या, काही कोमल गंधार-निषादाच्या म्हणजे काफीच्या. राग नव्हेत हो. रागाचे चलन तिथे नाही. पण स्वरांचे कुटुंब तेच. नातीला मी म्हटले, “ही चाल काफीतली आहे, तुझ्या आईला मी गाऊन झोपवायची ते गाणंही काफीतलंच.” तिने दोन्ही गुणगुणून पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले.

मग आमचा पाठ सुरू झाला. सकाळी अर्धा तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. पहिला आठवडा आरती. आधी म्हणायची, मग कुठल्याही तारेवर सा धरून शोधायची. सापडली की सा बदलायचा : आज मोकळ्या तारेवर, उद्या पहिल्या बोटावर, परवा तिसऱ्या बोटावर. चाल तीच, बोटे निराळी. पेटीवाले ज्याला पट्टी बदलणे म्हणतात तेच हे. बोटांची सवय मोडते आणि स्वरांचे आपापसातले नाते कानात बसते. दुसऱ्या आठवड्यापासून आयरिश पोल्का. ही चाल दोन भागांची असते. एकेक भाग आठ मापांचा, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. मोबाइलवर लावायची, तीनदा नुसती ऐकायची, चौथ्यांदा गुणगुणायची, पाचव्यांदा वाजवायची. महिनाअखेर तिला अकरा चाली येत होत्या आणि घरात एकही कागद नव्हता.

पबातली बैठक

तिथे रविवारी दुपारी काही पबांतून वादकांची बैठक बसते. पबात जायचे म्हटल्यावर मी जरा बिचकले. पण चहा मिळतो आणि मुलांनाही नेता येते, असे लेकीने सांगितल्यावर निघाले. एका कोपऱ्यात टेबलाभोवती आठ-दहा जण : तीन फिडले, बासरी, पेटीचाच हातात धरायचा भाऊबंद असे एक वाद्य, आणि डफासारखे बोवरान. व्यासपीठ नाही, माइक नाही, श्रोत्यांकडे तोंड करून कुणी बसलेले नाही. एकाने चाल सुरू केली की ज्यांना येते ते मिसळतात, ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. चाल तीनदा वाजते आणि न थांबता दुसऱ्या चालीत शिरते. मला आमचे चक्री भजनच आठवले.

नवख्याने कसे वागावे याचे अलिखित नियम तिथे आहेत. येत नसलेली चाल अंदाजाने कुरकुरत वाजवायची नाही. ऐकायची, पुढच्या रविवारी परत ऐकायची, आणि आली म्हणजे मिसळायचे. शाळेबाहेरच्या शिक्षणात शिस्त नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही शिस्त पाहावी. आपल्याला येत नसताना गप्प बसायला शिकवणे, हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे?

न्यूयॉर्कला जाऊन राहिलेला स्लायगो परगण्याचा मायकेल कोलमन (1891–1945) याच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या 1921 पासून निघू लागल्या. त्या समुद्र ओलांडून आयर्लंडला परत आल्या आणि फोनोग्राफपुढे बसून एक पिढी त्यांच्यावर शिकली. शिकागोचे पोलिसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओ’नील यांनी 1903 साली 1850 चालींचा संग्रह छापला. त्यांना स्वतःला स्वरलेखन येत नव्हते! चाली त्यांच्या कानात, कागदावर उतरवणारा दुसराच. आज त्या कोपऱ्यातली तरुण मंडळी मोबाइलवर चाल टिपून घरी नेतात. साधने बदलली, रीत तीच.

तिसऱ्या रविवारी नातीला येणारी पोल्का निघाली. ती माझ्याकडे पाहू लागली. शेजारचे पांढऱ्या भुवयांचे आजोबा वाजवता वाजवताच तिच्याकडे वळले आणि मानेने ‘ये’ म्हणाले. तिने फिडल उचलले. पहिली आवृत्ती ती सांभाळून वाजवली, दुसरीत तिचा पाय ठेका धरू लागला. तिसऱ्या वेळी एका लांब स्वराच्या जागी आजोबांनी तीन झटपट स्वर वाजवले. पुढच्याच फेऱ्यात तिने तसेच वाजवून पाहिले. आजोबा हसले. तिने आयुष्यात प्रथमच, न सांगता, स्वतःच्या मनाने काहीतरी वाजवले होते.

उपज म्हणजे काय

पुष्कळांना वाटते की मनाने वाजवणे ही एक दैवी देणगी. ज्याला आहे त्याला आहे. मला तसे वाटत नाही. आपल्या भाषेत त्याला ‘उपज’ असा सुरेख शब्द आहे. उपजते ते पेरलेले असते. आयरिश वादक चालीचा सांगाडा मोडत नाही. तो एखाद्या स्वराभोवती गिरकी घेतो : मूळ स्वर, वरचा, मूळ, खालचा आणि पुन्हा मूळ. आपल्या मुरकीची ही सख्खी चुलत बहीण. एकदा इथे, एकदा तिथे, दर आवृत्तीला थोडे निराळे. आपला ख्याल उलट आहे; चार ओळींची बंदिश घेऊन तासभर विस्तार. एकाकडे अंगण लहान, दुसऱ्याकडे मैदान. पण दोन्हीकडे धान्य कोठारातूनच येते. ज्याच्या कानात शंभर चाली आहेत, त्याला एकशे-एकावी वाजवताना वळण सुचते. ज्याच्याजवळ तीनच पीस आहेत, त्याला काय सुचणार?

याचे एक लोकप्रसिद्ध उदाहरण आहे. यहुदी मेन्युहिन म्हणजे विसाव्या शतकातले अव्वल दर्जाचे व्हायोलिनवादक. 1952 साली ते भारतातही आले होते. स्टेफान ग्रापेली (1908–1997) हे पॅरिसचे जॅझ वादक. बोटे कशी पडतात ते पोरवयात रस्त्यावरच्या वादकांकडे पाहून शिकलेले. 1971 साली हे दोघे ब्रिटिश टेलिव्हिजनवर एकत्र आले आणि पुढे त्यांनी मिळून अनेक ध्वनिमुद्रिका केल्या. त्यांत ग्रापेली मनाने वाजवत, आणि मेन्युहिन यांच्या वाट्याचे ‘मनाने वाजवणे’ आधी कागदावर लिहून दिलेले असे! इतक्या मोठ्या माणसाला या वयात दुसऱ्याच्या अंगणात शिकायला जाण्यात कमीपणा वाटला नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण कागद आणि कान या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हे त्यातून स्पष्ट दिसते.

मग गुरू नको की काय?

नको कसा? गज कसा धरावा, खांदा सैल कसा ठेवावा, हे जाणत्याने हात धरूनच सांगावे. नाहीतर मान आणि मनगट दुखू लागते आणि वाजवणेच थांबते. माझ्या नातीचा हात सफाईचा होता तो तिच्या क्लासमुळेच. डॉ. एन. राजम यांचे उदाहरण घ्या. वादनाची बैठक वडिलांकडून, म्हणजे ए. नारायण अय्यर यांच्याकडून पक्की झाली होती. तरी हिंदुस्थानी संगीतासाठी त्या शिकल्या पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे. ते गायक, व्हायोलिनवादक नव्हेत. गळ्यातून निघालेले बोटांत कसे उतरवायचे, ते काम त्यांच्या कानाने केले. आपले पंडित गजाननराव जोशीही (1911–1987) मुळात गायक, आणि त्यांचे व्हायोलिन गळ्याच्याच वाटेने चालले. एकूण काय, हाताला गुरू एक असेल, कानाला दहा हवेत.

नातीने नंतर क्लास पुन्हा सुरू केला, तो आपण होऊन. परीक्षेला बसणार की नाही हे तिचे तिने ठरवायचे, असे घरात ठरले आहे. रविवारची बैठक मात्र ती चुकवत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या माळ्यावरून एखादी लांबट काळी पेटी खाली आली, तर ती लगेच परत वर टाकू नका. तारा नव्या घाला, घोडी उभी करा, राळेचा एक खडा आणा. घरातल्या मुलाला पहिल्याच दिवशी वही देऊ नका. त्याला येणारे एक गाणे म्हणायला सांगा आणि विचारा, “यातला पहिला सूर या तारेवर कुठे असेल, शोध बघू?” पाच-दहा मिनिटे कर्कश जातील. शेजारी फराळाच्या निमित्ताने चौकशीला येतील. त्यांना एक चकली द्यावी आणि बसवून घ्यावे.